नोटिफिकेशन पुन्हा पुन्हा गायब होतात? सेटिंग्ज बदलण्याआधी त्या कुठे अडतात ते शोधा

अ‍ॅप उघडलं की साठलेले सगळे मेसेज एकदम येऊन पडतात, पण तोवर फोन गप्प. कंप्युटरवर दिवसभर ईमेल उघडं असतं, तरी नवीन मेल आल्याचं कळत नाही. सेटिंग्जमध्ये पाहावं तर नोटिफिकेशन चालूच. मग दोन-चार बटणं चालू-बंद करायची, फोन रीस्टार्ट करायचा, थोडे दिवस बरे जातात आणि पुन्हा तीच तक्रार.

ही तक्रार इतकी परतून का येते? माझ्या मते मुख्य कारण म्हणजे दुरुस्तीनंतर केलेली चाचणी. सेटिंग बदलल्यावर आपण लगेच कुणाला तरी 'एक मेसेज टाक' म्हणतो. त्या वेळी फोन हातात असतो, स्क्रीन चालू असते, अ‍ॅप नुकतंच उघडलेलं असतं, बऱ्याचदा चार्जरही लावलेला असतो. अशा अवस्थेत बिघडलेल्या फोनवरही नोटिफिकेशन येते. आपल्याला वाटतं, झालं काम. खरी अडचण येते ती फोन बराच वेळ टेबलावर पडून राहिल्यावर.

चाचणी कशी करायची

अँड्रॉइडमध्ये २०१५ साली ६.० या आवृत्तीपासून 'डोझ' नावाची व्यवस्था आहे. स्क्रीन बंद, चार्जर काढलेला आणि फोन एका जागी स्थिर, असं काही वेळ राहिलं की फोन अ‍ॅप्सचं नेटवर्क आणि पार्श्वभूमीतलं काम रोखून धरतो, आणि मधूनमधून थोड्या वेळासाठी दार उघडून साठलेली कामं उरकू देतो. म्हणून चाचणीही त्याच अवस्थेत व्हायला हवी. चार्जर काढा, स्क्रीन बंद करा, फोन न हलवता निदान तासभर ठेवा आणि ठरलेल्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी मेसेज पाठवायला सांगा. त्या वेळेआधी स्क्रीन उजळू नका, वेळ बघायलासुद्धा नाही. हीच चाचणी एकदा वायफायवर आणि एकदा मोबाइल डेटावर करा. यात वेळ जातो खरा, पण पुढचं सगळं नेमकं शोधता येतं.

आणि एका वेळी एकच बदल करा. पाच सेटिंग्ज एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर तीच अडचण आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

नोटिफिकेशनचा प्रवास

सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवरून निघालेली सूचना थेट तुमच्या अ‍ॅपकडे येत नाही. अँड्रॉइडवर ती बहुधा गूगलच्या फायरबेस क्लाउड मेसेजिंगमधून येते, आयफोन आणि मॅकवर अ‍ॅपलच्या पुश सेवेतून. फोन या मधल्या सेवेशी एकच जोडणी कायम उघडी ठेवतो आणि सगळ्या अ‍ॅप्सच्या सूचना त्याच जोडणीवरून उतरतात. अ‍ॅपला जागं करायचं की नाही ते ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. त्यानंतर परवानगी, आवाज, फोकस (ठरावीक वेळी सूचना गप्प ठेवणारी सोय) यांचे नियम लागतात आणि शेवटी ती तुम्हाला दिसते.

या वाटेवर ती कुठे अडली हे लक्षणांवरून बरंचसं ओळखता येतं. एकाच वेळी सगळ्या अ‍ॅप्सच्या सूचना बंद झाल्या असतील तर जोडणी, फोकस किंवा बॅटरी सेव्हर बघा. एकेका अ‍ॅपच्या सेटिंग्ज उकरत बसू नका. एकाच अ‍ॅपच्या येत नसतील आणि ते अ‍ॅप उघडल्यावर सगळं एकदम येत असेल, तर फोन त्या अ‍ॅपला पार्श्वभूमीत जागं होऊ देत नाही. सूचना यादीत दिसते पण आवाज होत नाही, बॅनर उमटत नाही, म्हणजे ती पोचलेली आहे; अडथळा फक्त दाखवण्याच्या पायरीवर आहे. दुसऱ्या उपकरणावर येते आणि इथे नाही, याचा विचार पुढे स्वतंत्रपणे करू.

आणखी एक भेद लोक फार विसरतात. औषधाची आठवण, गजर, कॅलेंडरमधली वेळ यांसारख्या सूचना सहसा इंटरनेटवरून येत नाहीत, फोन स्वतःच त्या वेळी उठवतो. अशी आठवण चुकत असेल तर वायफाय तपासून काही हाती लागणार नाही. अँड्रॉइड १२ पासून नेमक्या वेळी गजर लावण्यासाठी अ‍ॅपला 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स' ही वेगळी परवानगी लागू शकते, आणि अँड्रॉइड १४ वर नव्याने घेतलेल्या बऱ्याच अ‍ॅप्सना ती आपोआप मिळत नाही. आठवण यायची पण पाच-दहा मिनिटं उशिरा, असं होत असेल तर सर्वांत आधी ही परवानगी बघा. औषधासारख्या गोष्टीत हा उशीर सोसण्यासारखा नसतो.

अँड्रॉइड: सर्वाधिक तक्रारी इथल्या

पहिलं काम, 'नोटिफिकेशन हिस्टरी' चालू करा. अँड्रॉइड ११ पासून ती सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सच्या पानावर मिळते. चालू केल्यानंतर आलेल्याच सूचना तिथे दिसतात, म्हणून ती आधी चालू करून मग चाचणी करा. हरवलेली सूचना हिस्टरीत सापडली तर ती फोनपर्यंत आली होती आणि नंतर पुसली गेली किंवा दबली गेली. सापडली नाही तर ती आलीच नाही, किंवा अ‍ॅपला ती दाखवायची परवानगी नव्हती. या एका गोष्टीने अर्धा शोध संपतो.

आता परवानगी. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, नवीन अ‍ॅपला सूचना दाखवण्यासाठी तुमची संमती घ्यावी लागते. घाईत दोनदा नकार दिला गेला की ते अ‍ॅप पुन्हा विचारू शकत नाही. तुम्हालाच सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते.

परवानगी चालू दिसते तरी सूचना येत नाही, अशा वेळी चॅनेल्स उघडून पाहा. अँड्रॉइड ८ पासून (२०१७) प्रत्येक अ‍ॅपच्या सूचना वेगवेगळ्या प्रकारांत विभागलेल्या असतात: मेसेज, ग्रुप, कॉल, जाहिराती वगैरे. वरचं मुख्य बटण चालू असतं, पण 'मेसेज' हा प्रकार 'सायलेंट' झालेला असतो किंवा पूर्ण बंद असतो. असं बहुधा सूचनेवर बोट दाबून धरल्यावर चुकून होतं. एकदा तुम्ही चॅनेलची पातळी बदलली की अ‍ॅपला ती स्वतःहून वर नेता येत नाही. म्हणून अ‍ॅपच्या आतल्या सेटिंग्ज कितीही बदलल्या तरी उपयोग होत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपचं पान उघडून चॅनेलच पुन्हा 'डिफॉल्ट'वर आणावं लागतं.

मग बॅटरी. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर बॅटरीच्या खाली 'अनरिस्ट्रिक्टेड', 'ऑप्टिमाइझ्ड' आणि 'रिस्ट्रिक्टेड' असे पर्याय असतात. 'रिस्ट्रिक्टेड' असेल तर सूचना चुकणार हे धरूनच चाला. बहुतेक अ‍ॅप्सना 'ऑप्टिमाइझ्ड' पुरतं. सगळ्यांनाच 'अनरिस्ट्रिक्टेड' करून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. ज्या तीन-चार अ‍ॅप्सची सूचना खरोखर चुकता कामा नये, त्यांनाच ही सवलत द्या. बाकीच्यांना दिलीत तर बॅटरी लवकर उतरते, मग तुम्ही बॅटरी सेव्हर लावता आणि तो सगळ्यांचीच कामं रोखतो.

अनेक कंपन्या यावर स्वतःचे आणखी नियम लावतात. सॅमसंगवर 'स्लीपिंग अ‍ॅप्स' आणि 'डीप स्लीपिंग अ‍ॅप्स' अशा याद्या असतात. दुसऱ्या यादीतलं अ‍ॅप तुम्ही उघडेपर्यंत पार्श्वभूमीत काहीच करत नाही. ते तिथून काढा आणि गरज असेल तर 'नेव्हर स्लीपिंग'मध्ये टाका. शाओमीवर 'ऑटोस्टार्ट'ची परवानगी वेगळी आणि बॅटरीची मर्यादा वेगळी, दोन्ही बघावं लागतं. इतर कंपन्यांची नावं वेगळी असतील. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'बॅटरी', 'बॅकग्राउंड' किंवा 'ऑटो' टाकून पाहा. मेनूमध्ये भटकण्यापेक्षा ते लवकर होतं.

'रीसेंट्स'मधून, म्हणजे नुकत्याच वापरलेल्या अ‍ॅप्सच्या यादीतून, सगळी अ‍ॅप्स झटकून टाकण्याची सवय असेल तर ती थांबवून पाहा. मूळ अँड्रॉइडमध्ये याने सूचना थांबत नाहीत, पण काही कंपन्यांच्या फोनवर झटकलेलं अ‍ॅप पूर्ण बंद केलं जातं, 'फोर्स स्टॉप' केल्यासारखं. आणि फोर्स स्टॉप केलेल्या अ‍ॅपला तुम्ही ते स्वतः उघडेपर्यंत सूचना मिळत नाही. फोन 'साफ' करणारी अ‍ॅप्ससुद्धा हेच करतात. अशी अ‍ॅप्स काढून टाकावीत असंच मी सांगेन. त्यांनी मोकळी केलेली मेमरी थोड्याच वेळात पुन्हा भरते, सूचना मात्र गेलेल्याच राहतात.

क्वचित उघडल्या जाणाऱ्या अ‍ॅप्सचं दुखणं वेगळंच आहे. अँड्रॉइड ११ पासून काही महिने न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या काढून घेतल्या जातात, आणि १२ पासून असं अ‍ॅप निद्रिस्त केलं जातं. मग त्याच्या पुश सूचनाही बंद. ज्या अ‍ॅपचं काम फक्त अडीअडचणीला इशारा देणं आहे, ते कुणी रोज कशाला उघडेल? त्याला नेमका याच नियमाचा फटका बसतो. अशा अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर वापर नसल्यास अ‍ॅप थांबवण्याचं बटण असतं. ते बंद करा.

शेवटी 'नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस' असलेल्या अ‍ॅप्सची यादी पाहा. स्मार्टवॉचचं अ‍ॅप, लाँचर (होम स्क्रीन बदलणारं अ‍ॅप), सूचना गोळा करणारं एखादं अ‍ॅप यांना तुमच्या सूचना वाचण्याचा आणि पुसण्याचाही अधिकार दिलेला असतो. हिस्टरीत सूचना आहे, पण तुम्ही ती कधी पाहिलीच नाही, तर संशयाची पहिली जागा ही.

आयफोन

इथे पार्श्वभूमीची भानगड कमी आणि फोकसची जास्त. फोकस २०२१ साली आयओएस १५ सोबत आला, आणि 'शेअर अक्रॉस डिव्हाइसेस' चालू असेल तर मॅकवर लावलेला फोकस फोनलाही गप्प करतो. झोपेचा, गाडी चालवण्याचा, कामाचा असे फोकस वेळेनुसार किंवा ठिकाणानुसार आपोआप लागतात. 'रोज ठरावीक वेळी सूचना बंद पडतात' ही तक्रार असेल तर सेटिंग्जमध्ये प्रत्येक फोकसचं वेळापत्रक उघडून पाहा.

त्याच आवृत्तीत 'शेड्यूल्ड समरी' आली. ती चालू असेल तर निवडलेल्या अ‍ॅप्सच्या सूचना साठवून ठरलेल्या वेळी एकत्र दाखवल्या जातात. लोकांना वाटतं सूचना उशिरा येतेय; प्रत्यक्षात ती थांबवून ठेवलेली असते.

अ‍ॅपल वॉच वापरत असाल तर एक नियम लक्षात ठेवा. आयफोन लॉक असेल किंवा त्याची स्क्रीन बंद असेल आणि घड्याळ मनगटावर अनलॉक केलेलं असेल, तर सूचना घड्याळावर जाते आणि फोन वाजत नाही. घड्याळ सायलेंट असेल तर दोन्हीकडे शांतता. हा बिघाड नाही.

ईमेल उशिरा येत असेल तर मेल खात्याची 'फेच' सेटिंग बघा. जी खाती 'पुश'वर चालत नाहीत ती ठरावीक अंतरानेच नवीन मेल तपासतात, आणि लो पॉवर मोडमध्ये तेही थांबतं. अ‍ॅप वर सरकवून बंद केल्याने मेसेजच्या नेहमीच्या सूचना मात्र आयफोनवर थांबत नाहीत, कारण त्या सिस्टीम स्वतः दाखवते.

कंप्युटर आणि ब्राउझर

विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज, सिस्टीम, नोटिफिकेशन्स' हे पान उघडा आणि 'डू नॉट डिस्टर्ब' आपोआप चालू होण्याचे नियम वाचा. गेम खेळताना, स्क्रीन दुसऱ्या पडद्यावर डुप्लिकेट करताना, एखादं अ‍ॅप फुल स्क्रीन असताना तो आपोआप लागू शकतो. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतरच्या पहिल्या तासासाठीसुद्धा. फुल स्क्रीनमध्ये काम करणाऱ्यांना दिवसभर एकही सूचना न दिसण्याचं कारण बहुधा हेच असतं. विंडोज की आणि एन एकत्र दाबा. दबलेल्या सूचना तिथे साठलेल्या दिसतील. त्या दिसल्या तर पोचण्याची अडचण नाही हे पक्कं झालं. तिथे काहीच नसेल तर अ‍ॅप खरंच चालू आहे का ते बघा. घड्याळाशेजारच्या चिन्हांतून 'क्विट' केलेलं किंवा 'स्टार्टअप अ‍ॅप्स'मधून काढलेलं चॅट अ‍ॅप सूचना देणार कुठून?

मॅकवर सेटिंग्जच्या नोटिफिकेशन्समध्ये, डिस्प्ले झोपलेला असताना आणि स्क्रीन शेअर किंवा मिरर करताना सूचना द्यायच्या का, याची वेगळी बटणं आहेत. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना सूचना लपतात त्या यामुळे, आणि माझ्या मते ते तसंच राहू द्यावं.

ब्राउझरमधल्या सूचनांना तीन ठिकाणी हिरवा कंदील लागतो: ऑपरेटिंग सिस्टीमने ब्राउझरला, ब्राउझरने त्या साइटला, आणि साइटच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये. लोक मधलं तपासतात आणि बाकीची दोन विसरतात. मॅकवर तर क्रोमच्या नावाने नोटिफिकेशनच्या यादीत दोन नोंदी दिसू शकतात. दोन्ही चालू हव्यात. जीमेल वेबवर वापरत असाल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप सूचनांचा पर्याय वेगळा आहे: सगळ्या मेलसाठी, फक्त महत्त्वाच्या मेलसाठी, किंवा बंद. शिवाय जीमेल ब्राउझरमध्ये उघडं असावं लागतं. टॅब झोपवणारं एक्स्टेन्शन असेल तर त्यातून ही साइट वगळा.

'साइटने मला परवानगी कधी विचारलीच नाही' हेही ऐकू येतं. २०२० च्या सुरुवातीपासून फायरफॉक्स ही विचारणा थेट समोर आणत नाही, पत्त्याच्या पट्टीत एक लहान चिन्ह दाखवतो. क्रोमही त्याच वर्षापासून काही वेळा विचारणा अशीच दबक्या आवाजात करतो. पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर क्लिक करून परवानगी हाताने द्या. खासगी विंडोमध्ये या सूचनांवर विसंबू नका. आयफोनवर वेबसाइटच्या सूचना हव्या असतील तर आयओएस १६.४ किंवा पुढची आवृत्ती लागते आणि ती साइट होम स्क्रीनवर जोडावी लागते. सफारीच्या साध्या टॅबमधून त्या येत नाहीत.

दोन उपकरणं, एकच खातं

सूचना कंप्युटरवर येते, फोनवर नाही. स्लॅक आणि टीम्ससारख्या ऑफिसच्या चॅटच्या अ‍ॅप्समध्ये तुम्ही कंप्युटरवर सक्रिय दिसत असाल तर फोनवरची सूचना रोखण्याची सोय असते. लॅपटॉप उघडा ठेवून तुम्ही जागेवरून उठलात तरी काही काळ अ‍ॅपच्या लेखी तुम्ही तिथेच असता. फोन अ‍ॅपच्या नोटिफिकेशन सेटिंग्जमध्ये हा कालावधी किंवा ही सोय बदलता येते. मेसेज तातडीचे असतील तर सूचना दोन्हीकडे येऊ द्या.

अ‍ॅपच्या आतले नियम इथेच तपासून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अर्काइव्ह केलेली चॅट २०२१ पासून अर्काइव्हमध्येच राहते आणि तुमचा उल्लेख किंवा तुम्हाला उत्तर असल्याशिवाय तिची सूचना येत नाही. जीमेल अ‍ॅपमध्ये सूचना प्रत्येक खात्यासाठी वेगळी ठरवावी लागते, आणि वर्गवारी चालू असेल तर 'प्रायमरी' सोडून इतर टॅबमधल्या मेलची सूचना सहसा येत नाही.

नेटवर्क

वायफायवर येत नाही आणि मोबाइल डेटावर येते, असं चाचणीत दिसलं तर अ‍ॅपला दोष देऊ नका. गूगलची पुश सेवा ५२२८ ते ५२३० ही पोर्ट्स (जोडणीची क्रमांक दिलेली दारं) वापरते, अ‍ॅपलची ५२२३. ती बंद असली तर दोन्ही ४४३ चा आधार घेतात. संस्थांच्या नेटवर्कवर ही पोर्ट्स बंद असू शकतात. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना हेच आकडे सांगा. काही राउटर बराच वेळ शांत असलेली जोडणी परस्पर तोडतात आणि फोनला ते उशिरा कळतं. त्यामुळे सूचना थांबून थांबून येतात. व्हीपीएन, प्रायव्हेट डीएनएस आणि जाहिरात अडवणारी अ‍ॅप्स एकेक करून बंद करून पाहा. फोनची तारीख-वेळ चुकली असेल तरी सुरक्षित जोडणी होत नाही, तेव्हा ती आपोआप ठरू द्या.

फोन बराच काळ बंद होता आणि नंतर सगळ्या सूचना आल्या नाहीत, तर ते अपेक्षितच आहे. फायरबेस सूचना जास्तीत जास्त ४ आठवडे सांभाळते, पाठवणाऱ्याने त्याहून कमी मुदत ठरवली असेल तर तेवढीच. एका फोनसाठी एकाच अ‍ॅपच्या १०० हून अधिक सूचना साठल्या तर त्या सगळ्या टाकून दिल्या जातात आणि अ‍ॅपला सर्व्हरकडून नव्याने माहिती घ्यायला सांगितलं जातं.

अजूनही येत नसेल तर

अ‍ॅपमधून लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करा. पुश सेवेकडे तुमच्या फोनची ओळख एका टोकनने ठेवलेली असते. ते जुनं झालं असेल तर सर्व्हर भलत्याच पत्त्यावर पाठवत राहतो. पुन्हा लॉग इन केल्यावर बहुतेक अ‍ॅप्स नवीन टोकन नोंदवतात. नव्या फोनवर डेटा उतरवल्यानंतर प्रत्येक अ‍ॅप एकदा तरी उघडायचं ते याचसाठी. अ‍ॅप काढून पुन्हा टाकणं हा यापुढचा उपाय, पण त्याआधी चॅटचा बॅकअप घेतलाय का ते खात्रीने पाहा. 'क्लिअर डेटा'लाही हीच सावधगिरी हवी. 'क्लिअर कॅशे'ने सूचनांच्या बाबतीत क्वचितच काही साधतं.

ठरलेल्या चाचणीत बाकी अ‍ॅप्सच्या सूचना वेळेवर आल्या आणि एकाच अ‍ॅपच्या उशिरा, तर दोष पाठवणाऱ्याकडे असण्याची शक्यता मोठी. फायरबेसमध्ये पाठवणारा सूचनेला 'हाय' किंवा 'नॉर्मल' प्राधान्य देतो. 'नॉर्मल' सूचना डोझमध्ये असलेल्या फोनला जागं करत नाही, पुढच्या मोकळ्या वेळेची वाट बघते. हे तुमच्या बाजूने बदलता येत नाही. अ‍ॅपच्या मदत विभागाला लिहा, आणि नुसतं 'नोटिफिकेशन येत नाही' असं लिहू नका. फोनचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टीमची आणि अ‍ॅपची आवृत्ती, मेसेज पाठवल्याची नेमकी वेळ, तो दिसल्याची वेळ, त्या वेळी स्क्रीन बंद होती का, चार्जर होता का, वायफाय की मोबाइल डेटा, आणि हिस्टरीत नोंद सापडली का, एवढं द्या. त्या वेळेवरून त्यांना आपल्या सर्व्हरची नोंद काढून सूचना निघाली होती की नाही ते पाहता येतं.